एक पाऊल आत

१

बिरप्पा जपानला निघाला तेव्हा दसरा होऊन पाच दिवस झाले होते. केराबाईच्या माहेरी काय नि सासरी काय, विजापूरच्या पलीकडं कुणी गेलेलं नव्हतं, आणि गेलं असेल तर ते मेंढरांच्या मागं. हे पोरगं कापडाच्या कॉलेजातून पाच महिन्यांच्या टर्मला ओसाका म्हणून मोठं शहर आहे तिथं चाललं होतं. सगळ्या कॉलेजातून एकच निवडला, तो मंद्रूपच्या धनगराचा.

केराबाईनं पहाटेच शेंगाची चटणी कुटली, कडक भाकऱ्या फडक्यात बांधल्या. बापाचा फोटो भिंतीवर होता, त्याला पोरानं हात जोडले. केराबाईच्या नवऱ्याला, येडूला, जाऊन आठ वर्षं झाली होती. मग बिरप्पा दारात वाकून आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "येतो आई."

"ये जाऊन," केराबाई म्हणाली.

त्यांच्यात निघणारा कधी जातो म्हणत नाही आणि घरचं कुणी जा म्हणत नाही. जा म्हणायचं ते कुत्र्याला, नाहीतर मढ्याला. आणि माणसानं एकदा उंबरा ओलांडला की मागनं हाक घालायची नाही. घातलीच चुकून, तर त्याला आत घ्यायचं, बसवायचं, पाणी पाजायचं आणि नव्यानं वाटेला लावायचं. हे केराबाईला कुणी शिकवलं नव्हतं. श्वास घ्यायला तरी कोण शिकवतं.

टांगा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. बिरप्पा चार पावलं गेला असेल, तेवढ्यात तिला खुंटीवरची घोंगडी दिसली. आणि तिच्या तोंडून हाक गेली. धनगराच्या बाईची हाक ती, माळ ओलांडून जाणारी.

"बिरप्पाऽऽ"

तो वळला. "काय गं आई?"

"घोंगडी ऱ्हायली की."

"ऱ्हायली न्हाय, ठेवली. तितं भिंतीला शेगडी असतीया म्हणं."

"मग शेगडी पांघरून झोपतोस व्हय?"

तो हसला आणि माघारी आला. टांगेवाला तिकडनं ओरडला, "अवो पावणं, रेल्वे काय तुमच्या मामाची हाय व्हय थांबायला?" तेव्हा बिरप्पानं चपलेतून उजवा पाय काढला, तेवढाच उंबऱ्याच्या आत टाकला, डावा बाहेर पायरीवरच ठेवला आणि हात लांब करून घोंगडी घेतली.

केराबाईनं पाण्याचा तांब्या भरला होता. "बस जरा. घोटभर पी."

"ठेसनावर पितो की."

आणि आत टाकलेला पाय बाहेर गेला. ती तांब्या धरून उभी राहिली. दुसऱ्यांदा ये जाऊन म्हणायचंही राहून गेलं. टांगा वळला तरी पाणी ओतून टाकायला तिचा हात होईना, म्हणून तिनं तांब्यावर झाकण ठेवलं आणि तो दाराजवळच्या कोनाड्यात ठेवून दिला.

२

घर म्हणजे एकच खोली. खाली शहाबादी फरशी, दाराला लागून मोरी, मागच्या भिंतीला चूल. केराबाई कारखान्यातून चादरी आणून घरी दशा वळायची, म्हणजे चादरीच्या टोकाचे सुटे धागे घ्यायचे, मांडीवर पीळ द्यायचा आणि गाठ मारायची. हात आपोआप चालायचे. बोलायला कुणी असलं तर बोलताही आलं असतं.

गल्लीत तिन्ही बाजूंनी चादरींचे माग होते. दिवसभर खटाक खटाक. नवं माणूस आलं तर कानांवर हात ठेवायचं, पण केराबाईला तो आवाज आता ऐकूच येत नव्हता. तिला ऐकू यायचा तो बंद झाला की. बाराचा भोंगा झाला की सगळे माग एकदम थांबायचे. तास दीड तास गल्ली अशी गप्प व्हायची, की स्वतःच्या मांडीवर धागा घासलेला ऐकू येई. पूर्वी या वेळेला बिरप्पा कॉलेजातून जेवायला यायचा. आता ती भाकरी घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायची. चार घास खायची, दोन झाकून ठेवायची.

तो गेल्याला आठ दिवस झाले असतील. माग थांबले आणि तिच्या पाठीमागं आवाज झाला. थप्.

अनवाणी पाऊल फरशीवर पडावं तसा. तिनं मान वळवली. कुणी नव्हतं. दार उघडंच होतं, बाहेर ऊन पांढरं पडलं होतं.

ती दुसऱ्या पावलाची वाट बघत बसली. पावलाच्या मागं पाऊल येतंच. ते आलं नाही. चांगला बराच वेळ गेला, मग परत थप्. तेच पाऊल. तेच, हे तिला कसं कळलं असं कुणी विचारलं असतं तर ती हसली असती. निम्मं आयुष्य जिनं मेंढरांच्या मागं काढलं, तिला कळपातलं कुठलं मेंढरू कुठला पाय टेकत नाही हे डोळे मिटून कळतं.

शेजारी कुणीतरी धुणं आपटत असेल, असं तिनं मनाला सांगितलं. मग माग सुरू झाले आणि सगळंच बुडालं.

संध्याकाळी दिवा लावताना तिनं कोनाड्यातला तांब्या सहज हातात घेतला. पाणी चार बोटं उतरलं होतं. ऑक्टोबरची तलखी, आटलं असेल. झाकण मात्र होतं तसंच होतं.

३

पत्र घेऊन भिमा पोस्टमन आला तो दारातनंच ओरडत. "मावशी, इमानातनं आलंय पत्र. एवढ्या लांबनं आलंय, च्या तरी पाजा."

"आदी वाच, मग च्या."

"आदी च्या. घसा वलवल्याबिगर जपान वाचवंल का मला?"

केराबाईला अक्षर कळत नव्हतं. भिमा चहा पिऊन पायरीवर बसला आणि ठेक्यात वाचायला लागला, शाळेतलं पोर वाचतं तसा.

"'ती. आईस सा. न. मी खुशाल आहे. खोली चटयांची आहे, दारात चपला काढायच्या. इथं स्टेशनात एवढी माणसं असतात, की उभं राहिलं तरी आपण पुढं जातो. पण दिवसभरात माझ्याशी कुणी बोलत नाही. मलाही त्यांचं कळत नाही. जेवायला भात असतो. घोंगडी दिलीस ते बरं झालं. एक गंमत सांगतो. माझ्या उजव्या पायाला सारख्या मुंग्या येतात. चप्पल निघाली तरी समजत नाही. परवा एकाच चपलेवर वर्गापर्यंत गेलो, सगळे हसले. पण हसताना तरी माझ्याकडं बघितलं.'"

"उजव्या पायाला?" केराबाईनं विचारलं.

"थंडी हो मावशी. तितं बर्फ पडतंय."

दुसऱ्या दिवशी माग थांबल्यावर ती मुद्दाम मोरीकडं तोंड करून बसली. हातात धागा होता, पण पीळ देत नव्हती. काही झालं नाही. तिनं डोळे चोळायला पदर लावला, एवढाच काय तो वेळ. पदर काढला तर फरशीवर ओली पावलं होती. मोरीपासून भिंतीपर्यंत तीन. तिन्ही उजवी.

शहाबादी फरशी पाणी पिते. ती बघत होती तोवरच पहिलं पाऊल कडेनं सुकायला लागलं. केराबाई गुडघ्यावर रांगत शेवटच्यापाशी गेली. करंगळी आत वळलेली. सहा वर्षांचा असताना ती मेंढ्याच्या खुराखाली आली होती, आणि येडूनं पोराला पाठुंगळी घेऊन सहा कोस मंद्रूप गाठलं होतं.

तिनं त्याशेजारी आपला पाय ठेवून बघितला. चार बोटं कमी भरला. मग तिला स्वतःचाच राग आला. मोरीवरचं पाणी सांडतं, फरशी उंचसखल, आणि आईच्या डोळ्यांना काय, भिंतीच्या पोपड्यातही लेकाचं तोंड दिसतं.

तोवर पाऊल सुकून गेलं होतं.

४

भ्यायला पाहिजे होतं. दोन दिवस भ्यालीही. पण भीती टिकायला घरात दुसरं माणूस लागतं, ज्याला सांगता येईल. एकट्या माणसाची भीती पाळीव होते.

दिवाळी झाली, थंडी पडली, आणि बाराचा भोंगा व्हायच्या आधी केराबाई चूल पुसून, केस बांधून बसायला लागली. ती बोलायची. वळून बघायची नाही, चादरीकडंच बघत बोलायची. आज सूत लई कच्चं आलंय. सिद्धम्माच्या सुनेला दिवस गेलेत. तुजा बाप जत्रंला गेला की मला न सांगता गूळ-शेंगा आणायचा, आणि आणल्या की हळूच उशाला ठेवायचा. पाठीमागं थप् व्हायचं. कधी जवळ, कधी लांब. उत्तर नसायचं, पण ऐकणारं कुणीतरी असलं की गप्प बसण्यालाही वजन येतं. कोनाड्यातला तांब्या ती रोज भरत होती. रोज तो उतरत होता.

पौषात दुसरं पत्र आलं. आत फोटो होता. या खेपेला भिमानं चहा मागितला नाही.

"'पाय ओढत चालतो. इथल्या डॉक्टरांनी सगळं बघितलं, म्हणतात काही नाही. पण पाय दिवसेंदिवस बारीक होतोय. काडी टोचली तरी कळत नाही. मागाचा पायटा उजव्या पायानं दाबायचा असतो, तो दाबत नाही. प्रात्यक्षिकाला उभा राहिलो नाही तर टर्म बुडेल, असं सर म्हणाले. मला टर्मचं वाटत नाही, आई. मला वाटतं, हा पाय माझा नाहीच. रात्री पांघरुणात हात लावला की दुसऱ्याच कुणाचा तरी लागतो.'"

फोटोत पोरं ओळीनं उभी होती. बिरप्पा कडेला, काठी धरून. तिनं फोटो उन्हात धरला. डाव्या पायाची विजार भरलेली. उजवीकडं खाली बूट होता आणि वर कापड नुसतं लोंबत होतं, वाळत घातल्यासारखं.

"भिमा, हे बघ रं."

भिमानं बघितलं आणि फोटो तिच्या हातात परत दिला. "धुताना खराब झाला आसंल, मावशी," असं म्हणून तो उठला. पुढच्या घरासाठी त्याच्याकडं काही पत्र नव्हतं, तरी तो तिकडंच गेला.

५

सिद्धम्मा शेजारची, अक्कलकोटाकडची. पायरीवर बसून शेंगा फोडणं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारणं हा तिचा उद्योग. केराबाई तिच्याजवळ जाऊन बसली. पावलांचं काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "निगताना मागनं हाक घातली मी त्याला."

"अय्यो. मग आत घिऊन बसविलीस का न्हाय?"

"एकच पाय आत टाकला त्यानं. घाईत हुता."

"पाणी?"

"न्हाय पिला."

सिद्धम्मा शेंग फोडत हसली. "मग निघालाच कुटं तो, केराक्का? हाय की हितंच, उंबऱ्यात. बसीव, पाणी पाज आनि घालीव एकदाचं. आनि हे बग, ह्या येळंला ये म्हणू नको. ये म्हणून झालंय तुजं. सरळ जा म्हण."

"जा कसं म्हणू पोटच्याला?"

"पोटचा तितं हाय. हितं जे हाय..." एवढं बोलून तिनं केराबाईच्या तोंडाकडं बघितलं, आणि तिचं हसू कुठंतरी गेलं. सुपातल्या शेंगा तशाच ठेवून ती म्हणाली, "केराक्का, हितं काय हाय का गं?"

"काय न्हाय," केराबाई म्हणाली आणि उठली.

उद्याच करायचं, असं तिनं ठरवलं होतं. उद्याचा परवा झाला. परवाच्याला म्हणाली, आमुशा जाऊ दे. असे आठ दिवस गेले. रोज भोंगा व्हायचा, ती केस बांधून बसायची, बोलायची, आणि तिकडं लेकाचा पाय वाळत होता. हे तिला कळत होतं. नवव्या दिवशी ती बोलता बोलता हसली, कशाला तरी खळखळून हसली, आणि हसू ओठांवर असतानाच तिला फोटोतलं लोंबणारं कापड दिसलं. मग तिनं हातातली चादर बाजूला ठेवली.

६

मंगळवार होता. तिनं फरशी पुसली, येडूची जुनी घोंगडी अंथरली, तांब्या काठोकाठ भरून घोंगडीशेजारी ठेवला आणि चुलीकडं तोंड करून बसली.

भोंगा झाला. एकामागून एक माग थांबले. शेवटचा कुणाचा तरी दोन खटके जास्त चालला, मग तोही थांबला.

"ये बाबा," ती म्हणाली. "बस."

थप्. उंबऱ्यापाशी. थप्. मोरीपाशी. मग इतका वेळ काहीच नाही, की तिच्या मानेवरचा घाम पाठीपर्यंत उतरला. मग घोंगडीची लोकर चुरचुरली, कुणीतरी बसल्यावर चुरचुरते तशी. तांब्या फरशीवरून उचलला गेल्याचा आवाज आला. गटक. गटक. बिरप्पा लहानपणी असाच प्यायचा, मध्ये श्वास न घेता.

बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण तांब्या खाली ठेवला गेला तेव्हा तिनं मान थोडी वळवली, डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसेल एवढीच. घोंगडीच्या कडेला टाच होती. टाचेच्या वर घोटा. त्यावर ऊन पडलं होतं. घोट्याच्या वर काय होतं ते दिसायला अजून थोडी मान वळवावी लागली असती. केराबाईनं वळवली नाही.

मग ते उठलं. थप्, थप्, दाराकडं. उंबऱ्याशी थांबलं.

थांबून राहिलं. निघणारं माणूस थांबतं तसं, घरच्यांनी काहीतरी म्हणावं म्हणून.

जा. एवढंच म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं. आयुष्यभरात दारातून निघालेल्या माणसाला हा शब्द तिनं कधी म्हटलेला नव्हता. येडूला म्हटला नव्हता, वैऱ्याला म्हटला नव्हता. उद्या भोंगा होईल, परवा होईल, आणि पाठीमागं फक्त भिंत असेल.

"ये जाऊन," ती म्हणाली.

सवयीनं म्हणाली की मनानं, ते तिचं तिलाही कधी कळलं नाही. बाहेर पायरीवर एकदा थप् झालं. मग सगळे माग सुरू झाले.

७

तिसरं पत्र भिमानं गल्लीच्या तोंडापासनंच वाचत आणलं. "मावशी, पाय बरा झाला. अगदी बरा."

"कवा?"

"'मंगळवारी दुपारी साडेचारला मागासमोर बसलो होतो. पायात एकदम ऊब आली, आणि पायटा मीच दाबला.' तितं दिस आपल्या आदी उगवतोय मावशी, म्हंजी आपल्याकडं एक वाजला आसंल."

केराबाई पायरीवरच बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. भिमानं तिला रडू दिलं, मग पत्राची शेवटची ओळ वाचली. "'आणि आता मला इथं एकटं वाटत नाही.' दोस्त भेटला वाटतं."

"कोन म्हणून लिवलंय?"

"न्हाय लिवलं."

त्यानंतरच्या दुपारी तिला फार जड गेल्या. माग थांबायचे आणि खोली नुसती खोली असायची. कोनाड्यातला तांब्या भरला की भरलेलाच राहायचा. तरी ती कुणाला काही बोलली नाही. लेक चालतो आहे, यावर ती भाकरी खात होती.

शिमग्याच्या तोंडावर बिरप्पा आला. अंगानं भरला होता, अंगात कोट. सगळी गल्ली गोळा झाली. सिद्धम्मानं त्याच्या कोटाची बाही चाचपून बघितली आणि म्हणाली, "सूत आपल्यासारकंच हाय की रे." तो हसला. दोन्ही पायांवर ताठ उभा होता. केराबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग माणसं आपापल्या कामाला गेली आणि ती चुलीपाशी पीठ मळायला बसली.

"पाय धुतो गं," बिरप्पा म्हणाला.

मोरीत पाणी वाजलं. तो आत आला, बोलत बोलत, आगगाडीत कोण भेटलं आणि विमानात काय खायला दिलं ते. केराबाईनं मान वर केली ती त्याच्याकडं बघायला, पण नजर आधी फरशीवर गेली. त्याची पावलं उमटली होती, उजवं, डावं, उजवं, डावं, धडधाकट माणसाची. आणि प्रत्येक उजव्या पावलाशेजारी, जरासं मागं, अजून एक उजवं होतं. करंगळी आत वळलेली. दोन्हींची.

बिरप्पा घोंगडीवर बसला. मधोमध नाही, डाव्या कडेला, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

"पाणी पी," तिनं तांब्या पुढं केला.

तो अर्धा प्यायला, श्वास न घेता. मग बोलता बोलताच त्यानं तांब्या उजवीकडं, रिकाम्या जागेवर धरला. खाली ठेवला नाही. हात तसाच थोडा वेळ राहिला, समोरच्यानं नीट धरेपर्यंत आपण भांडं सोडत नाही ना, तसा. मग त्यानं बोटं काढून घेतली आणि विमानाचं पुढं सांगायला लागला.

बाराचा भोंगा झाला. माग थांबले.

केराबाईनं तांब्याकडं बघितलं नाही. परातीत पीठ दोघांपुरतं होतं. ये तिनंच म्हटलं होतं, आणि आलेल्याला उपाशी ठेवायची त्यांच्यात रीत नव्हती. तिनं डब्यात हात घातला आणि मूठभर पीठ आणखी काढलं.